वाचनालयातली पुस्तके ऑनलाइन ठेवताना: कॉपीराइट तपासणीपासून परवानगीपत्रापर्यंत

जुन्या पुस्तकांच्या डिजिटायझेशनसाठी निधी मंजूर झाला की वाचनालयाचे कार्यकारी मंडळ पहिल्यांदा स्कॅनिंगची कोटेशने मागवते. हक्कांचा विषय निघतो तो सगळे स्कॅन होऊन संकेतस्थळाच्या उद्घाटनाची तारीख ठरल्यावर. तोवर ठेकेदाराचे बिल निघालेले असते आणि बऱ्याच फाइली लोकांना दाखवताच येणार नाहीत हे कळते. क्रम उलटा हवा. आधी हक्क तपासायचे, मग कोणते पुस्तक स्कॅनरखाली जाईल ते ठरवायचे.

त्याआधी एक गोष्ट मंडळातल्या सगळ्यांच्या गळी उतरवावी लागते. स्कॅन करणे, ती फाइल जपून ठेवणे आणि ती इंटरनेटवर खुली करणे ही कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळी कामे आहेत. एकाची मुभा मिळाली म्हणून पुढच्याची मिळत नाही. ‘पुस्तक आमच्या मालकीचे आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. मालकी कागदाच्या प्रतीची असते. मजकुराची प्रत काढण्याचा हक्क लेखकाकडे किंवा त्याने तो लेखी ज्याला दिला त्याच्याकडे असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हीसुद्धा प्रत काढणेच धरली आहे.

‘फेअर यूज’ म्हणून सुटता येते का?

फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय रास्त वापर करण्याची मुभा, ही अमेरिकेतली सोय आहे. तिथे न्यायालय चार निकष लावून प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तोलते. गूगलने ग्रंथालयांतली पुस्तके स्कॅन करून त्यांत शोध घेण्याची आणि चार ओळी दाखवण्याची सोय केली, ती २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयात टिकली. इंटरनेट अर्काइव्हने मात्र स्कॅन केलेली अख्खी पुस्तके वाचायला ‘उसनी’ देण्याची योजना चालवली, आणि ती सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही हरली. एका छापील प्रतीमागे एकाच वाचकाला एकावेळी डिजिटल प्रत देऊ, हा तोडगा तिथे मान्य झाला नाही. आपल्याकडच्या ग्रंथालय परिषदांत तो अजूनही उत्साहाने सुचवला जातो, म्हणून हे सांगायला हवे.

भारतात असा मोकळा, तोलून बघायचा निकष नाही. कलम ५२ मध्ये अपवादांची यादी आहे. तुमचे काम त्यातल्या एखाद्या खणात बसले तर ठीक. वाचनालयाच्या कामाचे खण असे:

५२(१)(एन): विनाव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडे छापील प्रत असल्यास, जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम आपल्यासाठी सर्वांत मोलाचे आहे. पण त्यात शब्द ‘जतन’ आहे, वितरण नाही. या आधारावर स्कॅन केलेली फाइल कुलूपबंद हार्ड डिस्कवर राहते.

५२(१)(ओ): भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी, ग्रंथपालाच्या देखरेखीखाली काढता येतात. जीर्ण झालेली प्रत देवघेवीतून काढून तिच्या जागी बांधीव झेरॉक्स ठेवायची तर याच आधारावर. पुस्तक विक्रीला नाही हे कसे तपासले याची तारखेसह नोंद ठेवा: प्रकाशकाला पाठवलेले पत्र, वितरकाचे उत्तर, ऑनलाइन दुकानांतल्या शोधाची छापील प्रत.

५२(१)(ए): खासगी वापर आणि संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी रास्त वापर. एखाद्या अभ्यासकाने मासिकातला एक लेख मागितला आणि तुम्ही तेवढीच पाने स्कॅन करून त्याला दिली, तर ते इथे बसते. ‘दहा टक्क्यांपर्यंत चालते’ असे सर्रास सांगितले जाते. भारतीय कायद्यात असा कुठलाही टक्का लिहिलेला नाही. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानेही पानांची मर्यादा घालण्यापेक्षा हेतू पाहिला. पण तो निकाल शिक्षक-विद्यार्थी यांच्या अध्यापनाच्या कलमावर, ५२(१)(आय) वर, होता. सार्वजनिक वाचनालयाने संकेतस्थळावर पुस्तक चढवताना त्याचा हवाला देऊ नये.

५२(१)(झेडबी): दिव्यांग वाचकांसाठी सुगम स्वरूपात प्रत करून देणे. या कलमाकडे वाचनालयांचे फारच दुर्लक्ष होते. कॉपीराइट चालू असलेले अगदी कालचे पुस्तकसुद्धा दृष्टिहीन सभासदाला परवानगीशिवाय देता येते. अट अशी की नफा नको, फक्त उत्पादनखर्च घ्यायचा, आणि ती प्रत बाकीच्यांच्या हाती जाऊ नये म्हणून काळजी घ्यायची. पानांच्या प्रतिमांची पीडीएफ मात्र त्याला उपयोगाची नाही, कारण स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यात वाचण्यासारखे काही सापडत नाही. युनिकोड मजकूर, ईपब (ई-पुस्तकाचे स्वरूप) किंवा डेझी (बोलक्या पुस्तकाचे स्वरूप) हवे. २०१६ पासून चालू असलेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या व्यासपीठावर ते पुस्तक आधीच आहे का, ते आधी पाहा.

या चारांपैकी एकानेही ‘अख्खे पुस्तक जगासाठी खुले ठेवा’ अशी मुभा दिलेली नाही. खुले ठेवायचे तर दोनच रस्ते उरतात: हक्काची मुदत संपलेली असणे, किंवा लेखी परवानगी.

पायरी पहिली: यादी

दाखल नोंदवहीवरून यादी काढा, पण नोंदवहीवर विसंबू नका. तिथे बहुधा हातातल्या आवृत्तीचे वर्ष असते, पहिल्या आवृत्तीचे नसते. लेखकाचे आडनाव आणि आद्याक्षरे एवढेच असतात. प्रत्यक्ष पुस्तक उघडून मुखपृष्ठ, शीर्षकपान आणि त्यामागचे पान मोबाइलवर टिपा. मागच्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’, ‘पुनर्मुद्रणाचे हक्क सौ. … यांचेकडे’, ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असे जे असेल ते जसेच्या तसे उतरवून घ्या. पुढे वारस शोधताना हाच धागा उपयोगी पडतो. काहीच छापले नसेल तर हक्क नाही असा अर्थ काढू नका. हक्क आपोआप मिळतो, नोंदणीही सक्तीची नाही.

तक्त्यात रकाने एवढे हवेत: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक व त्याचे निधनवर्ष, संपादक, अनुवादक, प्रस्तावनाकार, चित्रकार (प्रत्येकाच्या निधनवर्षासह), पहिल्या आवृत्तीचे वर्ष, हातातल्या आवृत्तीचे वर्ष, निर्णय, निर्णयाचा आधार, तपासणाऱ्याची सही आणि तारीख. शेवटचे रकाने कंटाळवाणे वाटतात, पण पाच वर्षांनी वकिलाची नोटीस आली तर कपाटातून पहिल्यांदा हाच कागद काढावा लागतो.

शकातली वर्षे बदलून घ्या. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांसाठी ७९. शके १८५७ म्हणजे १९३५-३६.

पहिल्या आवृत्तीचे वर्ष पक्के करायला १९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’इतके चांगले दुसरे साधन नाही. लेखकांची निधनवर्षे मराठी विश्वकोशात, वाङ्मयकोशांत आणि जुन्या वृत्तपत्रांत सापडतात. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या नोंदींतले वर्ष किंवा लेखकनाव थेट उचलू नका, त्यांत चुका फार आहेत. आणि पुस्तक तिथे किंवा दुसऱ्या कुठल्या संकेतस्थळावर दिसते हा ते मुक्त असल्याचा पुरावा नव्हे.

पायरी दुसरी: मुदत मोजणे

लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ही वर्षे निधनाच्या तारखेपासून नव्हे, तर पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. सोपा हिशेब असा: निधनवर्षात ६१ मिळवा, त्या वर्षाच्या १ जानेवारीला पुस्तक मुक्त.

साने गुरुजी गेले १९५० मध्ये, म्हणून त्यांचे हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०११ ला मुक्त झाले. मर्ढेकर १९५६, म्हणजे २०१७. चिं. वि. जोशी १९६३, म्हणजे २०२४. सावरकर १९६६, म्हणजे १ जानेवारी २०२७. अत्रे १९६९, म्हणजे २०३०. खांडेकर १९७६, म्हणजे २०३७. फडके १९७८, म्हणजे २०३९. पु. ल. देशपांड्यांचे लेखन २०६० अखेरपर्यंत हक्काखाली आहे. ‘जुने पुस्तक आहे, चालेल’ म्हणणाऱ्यांना खांडेकर-फडक्यांची वर्षे दाखवावीत. १९३० च्या दशकातली पिवळी पडलेली कादंबरी आणखी बरीच वर्षे हक्काखाली राहू शकते.

मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत आली तेव्हा ती ६० करण्यात आली. त्याचा एक धागा पुढे अपलोडच्या भागात येईल.

नेहमीच्या हिशेबात न बसणारे प्रकार:

दोन लेखकांचे एकत्र लेखन असेल तर जो शेवटी गेला त्याचे निधनवर्ष धरायचे.

मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध झालेले लेखन प्रसिद्धीपासून ६० वर्षे. डॉ. आंबेडकरांचे हयातीत छापलेले ग्रंथ २०१७ पासून मुक्त आहेत. पण ‘रिडल्स इन हिंदुइझम’ पहिल्यांदा छापून आले ते १९८७ मध्ये, तेव्हा त्याचा हिशेब १९८७ पासून होतो. इथे भलेभले ग्रंथपाल चुकतात.

निनावी किंवा टोपणनावाचे लेखन प्रसिद्धीपासून ६० वर्षे. पण त्या मुदतीत लेखकाची ओळख उघड झाली असेल तर पुन्हा निधनवर्ष. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक, म्हणून तिथे १९९९ धरायचे.

सरकारी प्रकाशने प्रसिद्धीपासून ६० वर्षे. सरकारी म्हणजे फुकट हा गैरसमज आहे. राजपत्रातला मजकूर, विधिमंडळापुढे ठेवलेले अहवाल, न्यायनिर्णय यांना वेगळी सवलत आहे. पण शासनाच्या एखाद्या मंडळाने स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेले ई-पुस्तक तुमच्या संकेतस्थळावर पुन्हा चढवायला परवानगी लागते. सरळ त्यांचा दुवा द्यावा.

अप्रकाशित पत्रे, रोजनिशी, हस्तलिखिते: यांची मुदत प्रसिद्धीशिवाय सुरूच होत नाही. देणगीदाराने पत्रांची पेटी दिली म्हणजे मजकुराचा हक्क दिला असे नव्हे. लेखक माहीत असेल तर त्याच्या निधनाला ६० वर्षे उलटल्यावर अभ्यासासाठी वा प्रकाशनासाठी प्रत काढण्याची मुभा ५२(१)(पी) देते.

पायरी तिसरी: एका पुस्तकातले अनेक हक्क

लेखकाची मुदत संपली म्हणजे हातातली प्रत मुक्त झाली असे नाही. १९१९ मध्ये निधन झालेल्या गडकऱ्यांचे नाटक मुक्त आहे, पण तुमच्याकडची प्रत १९८० ची असेल तर तिची प्रस्तावना, टीपा, परिशिष्टे संपादकाची असतात. अशा वेळी जुनी आवृत्ती शोधा, किंवा मूळ संहितेचीच पाने खुली करा.

मुखपृष्ठाचा घोळ तर कायमचा. लेखक मुक्त, पण चित्र दीनानाथ दलालांचे. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे चित्र १ जानेवारी २०३२ ला मुक्त होणार. प्रकाशकाने पैसे देऊन ते खास काढवून घेतले असेल तर हक्काचा मालक प्रकाशक असू शकतो; मुदत मात्र चित्रकाराच्या निधनावरूनच मोजायची. त्यामुळे मुखपृष्ठ आणि आतली चित्रे नेहमी वेगळ्या फाइलींत स्कॅन करून ठेवा. खुल्या पीडीएफमध्ये त्या जागी ‘या पानावरील चित्राचा कॉपीराइट शिल्लक असल्याने ते येथे दिलेले नाही’ अशी पाटी असलेले पान घाला. पान नुसते गाळले तर वाचकाला प्रत अपुरी वाटते आणि पृष्ठांकही चुकतात.

अनुवादात मूळ लेखक आणि अनुवादक दोघांच्याही मुदती संपायला हव्यात.

सर्वांत अवघड म्हणजे दिवाळी अंक आणि मासिके. एका अंकात चाळीस जणांचे लेखन, व्यंगचित्रे, जाहिरातींची चित्रे. संपादकाने परवानगी दिली तरी ती पुरत नाही: बाहेरच्या लेखकांनी हक्क लेखी दिलेला नसेल तर तो त्यांच्याकडेच असतो, आणि पगारी लेखकाच्या बाबतीतही, वेगळा करार नसेल तर, मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता असतो. १९५० च्या पुढचे अंक पहिल्या टप्प्यात घेऊच नयेत असे आमचे मत. जतनासाठी स्कॅन करा, अनुक्रमणिका ऑनलाइन द्या. निव्वळ शीर्षके आणि लेखकनावे देण्याला अडचण नाही, आणि अभ्यासकाचे निम्मे काम तेवढ्यानेच होते.

पायरी चौथी: स्कॅनिंग

तपासणीनंतर पुस्तकांचे तीन गठ्ठे पडतात: खुली करण्याजोगी, फक्त जतनाची, आणि परवानगी मागायची. ठेकेदाराला खुली करण्याजोगी आधी द्या.

रेझोल्यूशन ४०० डीपीआय (इंचामागे ठिपके) ठेवा. ३०० वर इंग्रजी चालून जाते. देवनागरीतले अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांचे पाय जुन्या खिळ्यांच्या छपाईत बुजतात. मूळ फाइल रंगीत टिफ स्वरूपातली प्रतिमा, कॉम्प्रेस न करता. ए-५ आकाराचे एक पान साधारण २३ एमबी होते, म्हणजे अडीचशे पानांचे पुस्तक पावणेसहा जीबी. साठवणीचा खर्च यावरून काढा. सपाट स्कॅनरवर पुस्तक दाबले की जुन्या आम्लयुक्त कागदाची पाने शिलाईपाशी तुटतात. व्ही आकाराचा पाळणा आणि वरून कॅमेरा असलेले यंत्रच मागा. ‘पुठ्ठा काढून पाने सुटी करून देतो, स्वस्तात पडेल’ असे ठेकेदार म्हणाला तर नको म्हणा. ५२(१)(एन) चा आधार छापील प्रत तुमच्याकडे असण्यावर उभा आहे, आणि सुटी केलेली प्रत पुढच्या निर्लेखनात (जुनी पुस्तके नोंदीतून कमी करताना) रद्दीत जाते.

फाइलींची नावे दाखल क्रमांकावरून द्या. करारात लिहून घ्या की ठेकेदार काम संपल्यावर त्याच्याकडच्या सगळ्या प्रती पुसेल. पीडीएफ व्हॉट्सअॅप-टेलिग्रामवर फिरू लागतात त्या पुष्कळदा इथूनच.

खुल्या प्रतीवर वाचनालयाचा कॉपीराइट असल्याची पट्टी मारू नका. मुक्त मजकुराची हुबेहूब प्रतिमा काढल्याने नवा हक्क उभा राहत नाही. नव्या हक्कासाठी नुसते श्रम पुरत नाहीत, थोडे तरी सर्जक कौशल्य लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनीच्या निकालात सांगितले आहे. ‘प्रत: अमुक वाचनालय’ एवढे पुरे.

पायरी पाचवी: परवानगी

वारस एकाहून जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत मागा. प्रकाशकाने ‘हक्क आमच्याकडे’ म्हटले तर करार पाहायला मागा. २०१२ च्या दुरुस्तीनुसार करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा हक्क, तसा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, त्या करारात धरला जात नाही. जुन्या करारांना हे कितपत लागू यावर वाद होऊ शकतो, म्हणून प्रकाशक आणि वारस दोघांच्याही सह्या घेणे शहाणपणाचे.

पत्रात तीन गोष्टी राहून जातात आणि परवानगी लंगडी पडते. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर तो गळून पडतो, वेगळे लिहिले नसेल तर. स्कॅनिंगला वर्ष सहज लागते. म्हणून मजकूर असा ठेवा:

‘मी/आम्ही कै. … (निधन: वर्ष) यांचे कायदेशीर वारस, त्यांच्या “…” या पुस्तकाची (प्रकाशक, आवृत्ती, वर्ष) डिजिटल प्रत तयार करण्यास, ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्यास आणि … वाचनालयाच्या संकेतस्थळावरून जगभरातील वाचकांना विनामूल्य वाचण्यास व डाउनलोड करण्यास उपलब्ध करून देण्यास परवानगी देत आहे/आहोत. ही परवानगी कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत आहे. एक वर्षाच्या आत तिचा वापर सुरू झाला नाही तरी ती रद्द होणार नाही. पुस्तक छापण्याचे, विकण्याचे व इतरांना परवानगी देण्याचे आमचे हक्क अबाधित आहेत. मोबदला: नाही / रु. …’

‘डाउनलोड’ नको म्हणणारे वारस भेटतात. तो शब्द खोडून फक्त वाचण्याची परवानगी घ्या, पण सही घेऊन या.

वारस सापडतच नसतील तर कलम ३१ए खाली अर्ज करून परवाना मिळवता येतो: आधी देशभर खपाच्या इंग्रजी दैनिकात जाहीर सूचना, मग अर्ज, ठरेल ते मानधन जमा करणे. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यापासून हे काम वाणिज्य न्यायालयाकडे गेले आहे. एकेका पुस्तकासाठी तालुक्याच्या वाचनालयाला हा खर्च झेपणारा नाही. अशी पुस्तके जतनाच्या गठ्ठ्यात टाकून पुढे जावे.

पायरी सहावी: कुठे आणि कसे ठेवायचे

इंटरनेट अर्काइव्ह आणि विकिमीडिया कॉमन्स (विकिपीडियाच्या खुल्या फाइलींचे भांडार) अमेरिकी कायद्याखाली चालतात, आणि कॉमन्सला पुस्तक मूळ देशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मुक्त असावे लागते. टागोरांमुळे झालेली मुदतवाढ इथे आडवी येते. परदेशी पुस्तकांसाठी अमेरिकी कायदा १ जानेवारी १९९६ ची स्थिती पाहतो; १९४१ किंवा नंतर निधन झालेल्या भारतीय लेखकांचे हक्क त्या दिवशी जिवंत होते, म्हणून अमेरिकेत ती पुस्तके प्रसिद्धीपासून ९५ वर्षे हक्काखाली धरली जातात. साने गुरुजींचे १९३५ मध्ये छापलेले पुस्तक भारतात २०११ पासून मुक्त आहे, अमेरिकेत १ जानेवारी २०३१ ला होईल. १९४० पर्यंत निधन झालेल्यांच्या, हयातीत छापलेल्या पुस्तकांना ही अडचण नाही. बाकीच्यांसाठी भारतातल्या सर्व्हरवरचे स्वतःचे संकेतस्थळ बरे.

प्रत्येक पुस्तकाच्या पानावर लेखकाचे नाव, जन्म-निधनवर्षे, मूळ प्रकाशक आणि ‘भारतात कॉपीराइट मुदत संपली: १ जानेवारी अमुक’ ही ओळ द्या. मुदत संपली तरी लेखकाचे नाव गाळू नका आणि मजकुरात फेरफार करू नका. कलम ५७ चे नैतिक हक्क मुदतीबरोबर संपत नाहीत. १९६२ पूर्वीच्या शुद्धलेखनातले अनुस्वारही तसेच राहू द्या, ओसीआर (स्कॅनमधून यंत्राने ओळखलेला मजकूर) दुरुस्त करणारे उत्साही स्वयंसेवक ते पुसून टाकतात.

हक्कांबाबत तक्रारीसाठी स्वतंत्र ईमेल ठेवा आणि ती रोज कोण पाहणार त्याचे नाव मंडळाच्या ठरावात घाला. तक्रार आली की त्याच दिवशी फाइल दिसेनाशी करा, पुसू नका. पोच द्या, हक्काचा पुरावा मागा, तपासणीचा तक्ता काढा. पुस्तक मुक्तच असेल तर हिशेब लिहून कळवा आणि फाइल पुन्हा लावा. हक्क खरा निघाला तर फाइल जतनाच्या डिस्कवर हलवा, आणि त्याच उत्तरासोबत कोरे परवानगीपत्र जोडा. पुष्कळ वारसांची तक्रार पुस्तक ऑनलाइन आले याबद्दल नसतेच. आपल्याला विचारले नाही याबद्दल असते.